कृष्णविवराच्या झोतातले गॅमा किरण नेमके कोठे जन्मतात?

प्रश्न : ताऱ्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांपासून निघणाऱ्या झोतांतून अतिशय ऊर्जावान गॅमा किरण येतात, असे वाचले. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नसेल, तर हे किरण येतात कोठून?

उत्तर : कृष्णविवराच्या सीमेत शिरलेले काहीही परत येत नाही, हे खरेच, परंतु झोत त्या सीमेच्या बाहेरच तयार होतो. कृष्णविवराच्या जोडीने फिरणाऱ्या ताऱ्याचा वायू ओढला जाऊन कृष्णविवराभोवती फिरणारी तबकडी बनते, ती तापून क्ष-किरण देते आणि तिच्यातला काही वायू चुंबकीय क्षेत्रांच्या जोराने दोन विरुद्ध दिशांना फेकला जातो. तबकडी कितीही तापली, तरी निव्वळ उष्णतेतून आपण विचारलेले गॅमा किरण निर्माण होत नाहीत. त्यासाठी मोजक्या कणांच्या वाट्याला प्रचंड ऊर्जा यावी लागते, आणि हे झोतात, कधीकधी कृष्णविवरापासून फार दूर घडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘एसएस 433’. ज्या गरुड तारकासमूहात आपला श्रवण तारा आहे, त्याच दिशेला, पण सुमारे 18,000 प्रकाशवर्षे अंतरावर ही जोडी आहे. तिच्यातला अतिदाट पिंड बहुतेक अभ्यासकांच्या मते कृष्णविवर आहे. तिचे झोत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे 26 टक्के वेगाने धावतात आणि भोवऱ्याचा आस डोलावा तसे साधारण 162 दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. 2018 मध्ये मेक्सिकोतील ‘हॉक’ वेधशाळेने या झोतांच्या दोन्ही बाजूंकडून गॅमा किरण टिपले. पुढे नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींच्या निरीक्षणांतून, 2024 च्या जानेवारीत, त्यांचे जन्मस्थान अधिक स्पष्ट झाले.

या निरीक्षणांतला युक्तिवाद मला फार देखणा वाटतो. दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते. येथे दहा लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचे गॅमा किरण फक्त एका जागी, कृष्णविवरापासून सुमारे 80 ते 100 प्रकाशवर्षांवर, दोन्ही झोतांत दिसले, तर कमी ऊर्जेचे किरण त्या जागेपासून आणखी पुढे पसरलेले आढळले. हे किरण देणारा इलेक्ट्रॉन जितका ऊर्जावान, तितक्या लवकर तो आपली ऊर्जा प्रारणात उधळून टाकतो. म्हणून सर्वांत ऊर्जावान इलेक्ट्रॉन आपल्या जन्मस्थानापासून फार लांब जाऊच शकत नाहीत. ते जेथे दिसतात, तेथेच त्यांना वेग मिळाला असला पाहिजे.

वेग मिळतो तो आघात तरंगामुळे. झोताचा प्रवाह एकाएकी मंदावतो, तेथे असा तरंग उभा राहतो. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्राच्या गुंत्यांवरून उलटून या तरंगाच्या अलीकडे-पलीकडे वारंवार जातात आणि प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा थोडी वाढते. चक्रवाढ व्याजासारखी ही वाढ असते, त्यामुळे थोडेच कण असंख्य फेऱ्या टिकून अफाट ऊर्जेला पोहोचतात. मग हेच इलेक्ट्रॉन दोन प्रकारे प्रारण देतात : चुंबकीय क्षेत्रात वळताना सिंक्रोट्रॉन प्रारण, जे येथे क्ष-किरणांत दिसते, आणि अवरक्त किंवा विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाच्या) दुबळ्या प्रकाशकणाला धडकून, त्याला आपली ऊर्जा देऊन, गॅमा किरण. या दुसऱ्या क्रियेस व्यस्त कॉम्प्टन विकिरण म्हणतात.

सगळे काम इलेक्ट्रॉनच करतात, असे मात्र नाही. एसएस 433 च्या वर्णपटात हायड्रोजनच्या आणि लोहाच्या रेषा झोताच्या वेगामुळे आपल्या जागेवरून सरकलेल्या दिसतात. म्हणजेच तेथे अणुकेंद्रकेही धावत आहेत. प्रोटॉन इतके वेगवान झाले आणि वाटेत दाट वायू भेटला, तर टकरीतून पायॉन कण निर्माण होतात आणि त्यांपैकी विद्युतभार नसलेले पायॉन लगेच दोन गॅमा किरणांत विघटित होतात. धनु राशीच्या दिशेला असलेल्या ‘व्ही 4641 सॅजिटेरी’ या जोडीकडून 2024 मध्ये 200 लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे गॅमा किरण आल्याचे हॉकने जाहीर केले, तेव्हा प्रोटॉनांची ही शक्यता विशेष गांभीर्याने घेतली गेली. अवकाशातून येऊन पृथ्वीवर सतत आदळणाऱ्या वैश्विक किरणांत प्रामुख्याने प्रोटॉनच असतात, आणि त्यांतल्या काहींना अशाच झोतांत वेग मिळाला असावा.