शेताखालचा बोगदा आणि पाचशेचा स्टॅम्प

प्रश्न : दक्षिण सोलापूर तालुक्यात आमची सहा एकर बागायत आहे. सातबाऱ्यावर माझं आणि थोरल्या भावाचं नाव आहे. चुनखडी खाणीतून कारखान्यापर्यंत सरकत्या पट्ट्यावरून न्यायला एका कंपनीला आमच्या शेताच्या 40 मीटर खालून बोगदा काढायचाय. ‘वरची जमीन तुमची, खालची सरकारची,’ असं म्हणत त्यांचा माणूस पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीची सही मागतो. इंग्लंडमध्येही असा 37 किलोमीटरचा बोगदा होतोय म्हणे. सही करू का?

उत्तर : नका करू. निदान आत्ता तरी नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजं शासनाची, हे खरं. पण कंपनीला तुमच्या शेतातलं खनिज नकोय, वाट हवीय. ती वाट शासनाने दिल्याचा कागद कंपनीच्या माणसाने दाखवला का? खालची जागा सरकारची असती, तर तो तुमच्या सहीसाठी दारात आलाच नसता.

मला धास्ती वाटते ती वेगळीच. नुसती परवानगी एरवी मागे घेता येते. पण भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 60 सांगतं की, परवानगीवर विसंबून समोरच्याने खर्च करून कायमचं काम केलं, तर ती मागे घेता येत नाही. बोगदा बुजवून कोण देणार? तेव्हा ‘कागद कुठे रजिस्टर केलाय’ म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि पाणी. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांतूनच फिरतं. भेग कापली गेली की विहीर आटू शकते. इंग्लंडमधला, यॉर्कशायरचा तो बोगदा सरासरी अडीचशे मीटर खोल आहे. तुमचे 40 मीटर म्हणजे जेमतेम एकशेतीस फूट. तुमचा बोअर किती फुटांचा आहे? उद्या नवा घ्यायचा झाला तर?

दोघा भावांनी मिळून स्पीड पोस्टाने मार्गाचा नकाशा, खोली आणि कोणत्या कायद्याखाली मागता ते लेखी विचारा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. विहिरीची आणि बोअरची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून आत्ताच नोंदवून घ्या. पुढे द्यायचंच ठरलं, तर रुंदी, खोली, मोबदला आणि पाणी गेल्यास भरपाई लिहिलेला नोंदणीकृत दस्तच करा.

सरकारी भूसंपादन निघालं, तर 2013 च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. खनिजांच्या पाइपलाइनसाठी 1962 चा वेगळा कायदा आहे, तिथे फक्त 21. बोगद्यातला पट्टा म्हणजे पाइपलाइन नव्हे, असं माझं मत. तरी नोटिशीवर कायद्याचं नाव आधी वाचा आणि पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवा.