चाळीस केबीच्या मारिओचं देणं

"जुन्या गेम-कन्सोलचा आजच्या गेमवरचा प्रभाव म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया, शंभर जीबीच्या आजच्या गेमला त्यांचं काय देणं?" असं कुणीतरी विचारलंय. नॉस्टॅल्जिया आहेच, ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं काढून तो विकणाऱ्यांचा मलाही वीट आलाय. पण चित्रं बाजूला ठेवा आणि गेम तुम्हाला खेळायला शिकवतो कसा, ते बघा.

निन्टेन्डोचा १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. अख्खा गेम ४० केबीचा. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच आकाराचे, फक्त रंग वेगळे. सुरुवातीला मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. समोरून गुम्बा नावाचा छोटा शत्रू येतो. उडी चुकली तर मेलात, पण आत्ताच सुरुवात झालीय, फार काही गमावत नाही. पुढे ठोकळ्याला डोकं मारलं की मशरूम निघतं, पाइपला आपटतं आणि उलट तुमच्याच दिशेने येतं. गुम्बासारखंच काहीतरी समजून उडी मारावी, तर वर विटा. डोकं आपटून बहुधा त्याच्यावरच पडता आणि मारिओ मोठा होतो! हे ठरवून रचलेलं आहे, गेम घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोंनीच मुलाखतीत सांगितलंय.

याची खरी परीक्षा आपल्याकडे झाली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते फॅमिकॉमचे, म्हणजे मारिओ ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या कन्सोलचे, क्लोन आले, त्यांच्या 'कॅसेट'सोबत मॅन्युअल कुठलं यायला? तरी पोरं बघता बघता खेळायला लागायची. आजही चांगला गेम नवी युक्ती आधी बिनधोक जागी करून बघू देतो, मग खड्ड्यावर करायला लावतो. धडा तोच.

हाताच्या सवयीचंही तसंच. डाव्या अंगठ्याखालचं अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराचं बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोइंनी १९८२मध्ये 'डाँकी काँग'च्या गेम अँड वॉचसाठी, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी, काढलं. आज मोबाइलवर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळताना काचेवर बटण नसतं, तरी चालायला डावाच अंगठा.

बाकी वारसा सगळाच गोड नाही. मोजक्या 'लाइफ' हा आर्केडवाल्यांचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या मालकांचा हिशेब: संपल्या की नाणं टाका. घरच्या कन्सोलवर नाणं नव्हतं, तरी सवय राहिली. मग कँडी क्रशने पाच लाइफ दिल्या, एक परत मिळायला अर्धा तास थांबा नाहीतर पैसे मोजा. म्हणजे नाणं परत आलंच की, फक्त आता यूपीआयने.