शिंदे-होळकरांचे बिनसले कुठे?

ग्वाल्हेरहून आपण विचारले आहे की, पहिल्या बाजीरावांच्या काळात बरोबरीने माळवा घेणारे शिंदे आणि होळकर पुढे एकमेकांची शहरे लुटण्यापर्यंत कसे आले. आम्ही इंदूरकर हे सारे १८०१ पासून सांगू लागतो, कारण त्या वर्षी दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी होळकरांचे इंदूर लुटले. परंतु तोवर वैमनस्य जवळजवळ अर्धशतक जुने झाले होते.

१७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरी किल्ल्याच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे एकुलते पुत्र खंडेराव तोफगोळा लागून पडले. मल्हारराव सूडाला पेटले असताना जयाप्पा शिंदे यांनी सूरजमल जाटाशी तहाचा आग्रह धरला आणि खंडणीवर वेढा उठला. पुत्रशोकात असलेल्या बापाला हे जिव्हारी लागले.

माझ्या मते मात्र हिशेबाने अधिक घात केला. उत्तरेतील मुलूख पेशव्यांच्या नावाने जिंकला जाई आणि त्यात दोन्ही सरदारांचा वाटा धरलेला असे. १७८४ नंतर महादजी शिंद्यांनी दिल्लीकडे जे मिळवले, ते मात्र कर्ज काढून पोसलेल्या फौजेच्या, पुढे द बॉयन या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींच्या बळावर. तुकोजी होळकर जुन्या रिवाजाप्रमाणे निम्मा वाटा मागत, तर महादजींचे म्हणणे असे की, वाटा हवा तर खर्चही उचलावा. महादजींबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही तुकोजींची मागणी गैरवाजवी होती असे मला म्हणवत नाही. निवाडा करायचा तो पुण्याने; पण नाना फडणवीसांना महादजींचे वाढते वजन खुपत होते, आणि तुकोजींना उत्तरेत पाठवण्यामागे महादजींना शह देण्याचाही हेतू होता. अखेर १ जून १७९३ रोजी लाखेरीला दोघांच्या फौजा भिडल्या आणि होळकरांच्या नव्या पलटणींची धूळधाण झाली.

१७९७ मध्ये तुकोजी वारल्यावर महादजींचे वारस दौलतराव यांनी तुकोजींचे पुत्र काशीराव यांचा पक्ष घेऊन होळकरांच्या वारसाहक्कातच हात घातला. पुण्याजवळ त्यांच्या फौजेने काशीरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव यांना मारले, दुसरे भाऊ यशवंतराव निसटले, आणि मल्हाररावांचा तान्हा मुलगा शिंद्यांच्या ताब्यात गेला. येथून पुढे वाटणीची भाषाच संपली. यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज बुडवली, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, आणि पळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह केला. १८०३ मध्ये असई आणि लासवारीला शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढत असताना यशवंतराव अलिप्त राहिले. १८०४ मध्ये ते स्वतः लढायला उभे राहिले, तेव्हा दौलतराव इंग्रजांशी तह करून मोकळे झाले होते.