एपीचा ‘३’ कळवावा की झाकून ठेवावा?

जुलैत एपीचे निकाल लागले की पत्रांचा सूर बदलतो. जूनपर्यंत ‘कोणते विषय घ्यावेत’ असं विचारणारे पालक ‘या स्कोअरचं आता करायचं काय’ यावर येतात. ज्यांच्या घरात हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, मे महिन्यात. गुण १ ते ५.

मुलीची अकरावी नुकतीच संपली. एपी केमिस्ट्रीला वर्गात ‘ए’ होता, परीक्षेत मात्र ३ आला. यूएस हिस्टरीत ५ आणि कॅल्क्युलस एबीत ४ आहे. ३ कळवला नाही तर संशय येईल का? की स्कोअर रद्दच करून टाकावा?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

रद्द करू नका. रद्द केलेला स्कोअर कायमचा जातो, परत मिळत नाही. आणि त्याची गरजही नाही, कारण अर्ज करताना बहुतेक कॉलेजं बोर्डाकडून अधिकृत स्कोअर मागवत नाहीत. कॉमन अॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) विषय, तारीख आणि गुण तुमची मुलगीच भरते आणि काय भरायचं तेही तीच ठरवते. अधिकृत कागद बहुधा प्रवेश पक्का झाल्यावर पाठवायचा असतो.

आता संशयाचं. अर्ज वाचणारा माणूस आधी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, उघडतो. कोणते विषय घेतले, त्यात ग्रेड काय, वर्षागणिक आलेख चढता आहे का, हे तो पाहतो. शेजारी शाळेच्या काउन्सेलरचा अहवाल असतो. त्यात या मुलीचा अभ्यासक्रम शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती अवघड होता, यावर खूण केलेली असते. सर्वांत वरची खूण म्हणजे ‘सर्वाधिक कठीण’. ती खूण आणि तो ‘ए’, अर्जाचा बराचसा भार या दोघांवर असतो. एपीचा स्कोअर त्यांना दुजोरा देतो. रकाना रिकामा दिसला म्हणून कोणी अर्ज बाजूला ठेवत नाही.

माझा साधा हिशेब असा: अतिशय चुरशीच्या कॉलेजांना ४ आणि ५ कळवावेत, ३ सोडून द्यावा. राज्याच्या सरकारी विद्यापीठांना ३ सांगायला काहीच हरकत नाही. मुलगी केमिकल इंजिनीअरिंगला अर्ज करणार असेल तर मात्र तो ३ नक्कीच गाळा. एरवी या एका आकड्यावर उन्हाळ्याची सुट्टी घालवू नका. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणाच्या मुलाला किती ५ मिळाले याची चर्चा होणारच. प्रवेश समितीत ती मंडळी बसत नाहीत.

मुलगा अकरावी सायन्सला आहे, राज्य मंडळ. कॉलेजात एपी शिकवत नाहीत. एक सल्लागार म्हणतात, अमेरिकेत चांगलं कॉलेज हवं तर किमान सहा एपी द्याच. खरं आहे का?
— एक वडील, पुणे

नाही. विद्यार्थ्याला त्याच्या शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्या चौकटीतच जोखतात. जिथे एपी नाहीच, तिथल्या मुलाने एपी का घेतले नाहीत असं कोणी विचारत नाही. बारावीचा अभ्यास आणि बोर्डाचे गुण कसे वाचायचे, हे भारतातून नेहमी अर्ज येणाऱ्या विद्यापीठांना ठाऊक असतं.

पण तुमच्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट वर दिलेल्या उत्तराच्या उलट आहे. एडिसनच्या मुलीच्या मागे वर्षभराचा वर्ग आणि ग्रेड आहे. तुमचा मुलगा बाहेरून परीक्षा देणार, म्हणजे हातात फक्त स्कोअर. तिथे ३ चा उपयोग जवळजवळ नाही. द्यायचे तर दोन किंवा तीन विषय, ज्या शाखेला जायचं तिच्याशी नातं असलेले, आणि ५ ची तयारी असेल तरच. इंजिनीअरिंगसाठी कॅल्क्युलस बीसी (एबीच्या पुढे जाणारा) आणि फिजिक्स सी (कॅल्क्युलस वापरून शिकवलं जाणारं).

खरी अडचण वेळापत्रकाची आहे आणि सल्लागार ती सहसा सांगत नाहीत. अमेरिकी कॉलेजांचे प्रवेशाचे नियमित निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात. बारावीच्या मे महिन्यात दिलेली एपी तोवर झालेलीच नसते, मग ती प्रवेशाला काय कामाची? म्हणजे परीक्षा अकरावीच्या मे महिन्यात द्यावी लागते. तोपर्यंत आपल्या मुलांचं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स शिकून झालेलं नसतं, कारण ते बारावीत येतं. शिवाय बीसीमध्ये अनंत श्रेणींचा भाग असतो, टेलर सिरीज वगैरे. तो आपल्या बारावीतही नाही. थोडक्यात, वर्षभर आधी स्वतःच्या हिमतीवर पुढचा अभ्यास करायचा. नोंदणीही आधीच्या हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते आणि तीही परीक्षा केंद्र असलेली, बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देणारी शाळा शोधून. २०२५ साली अमेरिकेबाहेर एका विषयाची फी १२९ डॉलर होती. सहाचा गुणाकार करून पाहा, आणि सल्लागार क्लासही स्वतःच चालवतात का तेही विचारा.

ब्रिटनला अर्ज करणार असाल तर चित्र वेगळं. तिथली विद्यापीठं अमेरिकी विद्यार्थ्यांना सशर्त प्रवेश देतात आणि शेवटच्या मे महिन्यातल्या एपीवरही तो अवलंबून राहू शकतो. केंब्रिज तर सहसा पाच विषयांत ५ मागतं. पण तुमच्या मुलाकडे बारावीचा निकाल असणार, तिथे तोच धरतात की नाही ते आधी बघा.

मी फ्रीमाँटला दहावीत आहे. माझे मित्र सगळे मिळून दहा-बारा एपी घेणार म्हणतात. मला यूसीला (कॅलिफोर्निया विद्यापीठाला) जायचंय. किती पुरेत?

तुला आकडा हवाय. किमान पात्रतेसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ जो वेटेड जीपीए (अवघड विषयांना जास्त वजन देणारी ग्रेडची सरासरी) काढतं, त्यात दहावी आणि अकरावीतल्या एपीसारख्या विषयांच्या जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना जादा गुण मिळतो. त्यातली दहावीची चारच धरतात. त्यापुढच्या एपींनी तो जीपीए वाढत नाही. अवघड विषय घेतल्याची नोंद मात्र कॅम्पसवाले घेतात.

हा जादा गुण वर्गातल्या ग्रेडवर मिळतो, ‘सी’ किंवा त्याहून वर असेल तर. मे महिन्यातल्या परीक्षेत २ आला तरी तो जात नाही. यूसी एसएटी ही सामायिक प्रवेश परीक्षा बघतच नाही, त्यामुळे तुझे एपीचे चांगले स्कोअर तिथे नीट वाचले जातात. पण बारा एपी घेऊन चारांत ‘बी’ आणि रात्री दोनपर्यंत जागरण, यापेक्षा सात घे आणि त्या नीट कर. मित्रांना काय घ्यायचंय ते घेऊ देत.

एसएटीऐवजी एपीचे स्कोअर चालतात असं ऐकलं.
— डॅलस

काही ठिकाणी. २०२४ मध्ये येलने एसएटी, एसीटी (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा), एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) यांपैकी काहीही चालेल असं जाहीर केलं. त्यात अट अशी की एपीचा मार्ग निवडला तर दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण कळवायचे. म्हणजे पहिल्या उत्तरातली निवडून सांगायची मुभा तिथे नाही. हार्वर्डने त्याच वर्षी एसएटी-एसीटीची सक्ती परत आणली आणि त्या परीक्षा देणं शक्यच नसेल अशा अपवादालाच एपी मानले. नियम दरवर्षी हलताहेत, तेव्हा अर्जाच्या वर्षी कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा.

एक खरं, की २०२१ मध्ये कॉलेज बोर्डाने एसएटीच्या विषयवार परीक्षा बंद केल्या. तेव्हापासून एखाद्या विषयातली पकड बाहेरच्या परीक्षेतून दाखवायला मुख्यतः एपीच उरली आहे. शाळाशाळांतून ‘ए’ सढळ हाताने वाटले जात असताना वाचणाऱ्यालाही तो आधार लागतो.

मुलीला सहा विषयांत ५ आहेत. कॉलेजचं एक वर्ष वाचेल का?
— नेपरव्हिल, इलिनॉय

स्कोअरचा रोख फायदा इथे आहे आणि इथे बारावीचा मे महिनाही मोजतात. तुमच्या राज्यात कायद्यानेच सरकारी कॉलेजांना ३ आणि त्यावर क्रेडिट (म्हणजे पदवीच्या अभ्यासात ते श्रेय धरणं) द्यावं लागतं, त्यामुळे तिथे गेली तर एक-दोन सेमिस्टरची फी वाचू शकते. नावाजलेल्या खासगी कॉलेजांत हात आखडता असतो. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना पदवीसाठी क्रेडिट देणं थांबवलं, फक्त वरच्या वर्गात बसू देतात. एमआयटीत बीसीच्या ५ वर पहिल्या कॅल्क्युलसची सूट मिळते. म्हणून प्रवेशपत्रं हातात आली की फी आणि स्कॉलरशिपच्या शेजारी क्रेडिटचाही रकाना आखा.

तिला मेडिकलला जायचं असेल तर केमिस्ट्री आणि बायॉलॉजीचं क्रेडिट मिळत असूनही ते विषय कॉलेजात पुन्हा घ्यावेत. बऱ्याच मेडिकल स्कूलना आवश्यक विषयांसाठी एपीचं क्रेडिट चालत नाही.