हुद्दा, काम आणि अखत्यार : जर्मनीत नोकरीसाठी येऊ पाहणाऱ्या एका अभियंत्याला उत्तर

आपण लिहिले आहे की, सध्या आपण एका डिझाइन विभागाचे प्रमुख आहात, हाताखाली बरीच माणसे आहेत, आणि म्युनिकजवळच्या एका यंत्रनिर्मिती कंपनीने आपल्याला केवळ ‘डेव्हलपमेंट इंजिनिअर’ म्हणून नेमणूक देऊ केली आहे. हा हुद्दा स्वीकारावा का, स्वीकारल्यास परीक्षाधीन काळात स्वतःला कसे सिद्ध करावे, आणि तिसरीत जाणाऱ्या मुलीला घेऊन यावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. व्हिसा, पदवीची मान्यता, आरोग्य विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित मिळते, म्हणून ती येथे देत नाही. हे उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः आपल्या पहिल्या प्रश्नामुळे. तोच प्रश्न मी इथे येताना स्वतःला विचारला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजूनही पूर्णपणे मिळालेले नाही.

आपल्याकडे हुद्दा हा माणसाला चिकटलेला असतो. तो ओळखपत्रावर असतो, नातेवाइकांच्या बोलण्यात असतो आणि सेवाज्येष्ठतेबरोबर वर सरकत जातो. जर्मनीतील धातू आणि विद्युत उद्योगात, म्हणजे जिथे ‘आय. जी. मेटाल’ या कामगार संघटनेचे सामूहिक करार लागू आहेत तिथे, पगाराचा गट ठरतो तो आपल्याला सोपवलेल्या कामाच्या अपेक्षांवरून : त्या कामाला किती ज्ञान लागते, किती निर्णय स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, किती लोकांशी समन्वय ठेवावा लागतो यावरून. आपण आधी किती जणांचे साहेब होतात, याला त्या हिशेबात फारशी जागा नाही. म्हणून ‘इंजिनिअर’ या साध्या नावाखाली वीस वर्षांचा अनुभव असलेली आणि कारखान्यात ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो अशी माणसे इथे सर्रास भेटतात. हे मला बुद्धीने लवकर पटले, मनाला मात्र पटायला फार वेळ लागला. माझ्याही हाताखालची माणसे मागे राहिली होती, आणि पहिल्या वर्षभर माझ्या टेबलाशी कोणीही सही घ्यायला येत नाही याचे दुःख पगार वाढूनही मला होत राहिले. आपल्यालाही ते होईल, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तेव्हा हुद्द्याऐवजी कामाचे वर्णन वाचा. ‘नाखवाइसगेझेट्स’ या कायद्यानुसार मालकाने नोकरीच्या महत्त्वाच्या अटी लेखी द्याव्या लागतात आणि त्यांत कामाचे थोडक्यात वर्णनही येते. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते १९७२च्या कारखाना-घटना कायद्याचे, म्हणजे कंपनीतील मालक-कर्मचारी संबंधांविषयीच्या कायद्याचे, ८१वे कलम. आपले काम कोणते, जबाबदारी कोणती आणि एकूण कामाच्या ओघात आपली जागा कुठे, हे कर्मचाऱ्याला समजावून सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. मी ते कलम वाचले तेव्हा थक्क झाले. ‘माझे काम नक्की काय आहे?’ असे वरिष्ठांना विचारणे म्हणजे अडाणीपणा उघड करणे, अशा वातावरणात मी घडले होते. इथे तोच प्रश्न पहिल्या आठवड्यात न विचारणारा माणूस निष्काळजी ठरतो.

एक बैठक मला स्पष्ट आठवते. एका पंपाच्या चाचणीत कंपन मर्यादेबाहेर जात होते आणि वितरणाची तारीख जवळ आली होती. विभागप्रमुखांनी एका सहकाऱ्याला बेअरिंगची जुळणी पुन्हा तपासायला सांगितले. तो शांतपणे म्हणाला की जुळणी त्याच्या अखत्यारीत येत नाही, ती अमुक व्यक्तीकडे आहे. त्याच्याकडे चाचणीची मापे आहेत आणि ती दुपारपर्यंत तपासून तो देईल. माझा श्वास क्षणभर रोखला गेला. पण विभागप्रमुखांनी मान डोलावली, वहीत नाव दुरुस्त केले आणि बैठक पुढे गेली. त्या सहकाऱ्याने बाहेर पडताच जुळणीवाल्या व्यक्तीला स्वतः फोन करून सगळा तपशील दिला, आणि दुपारी मापेही वेळेवर आली. नकार देणारा माणूस कामचुकार नसतो. आपली हद्द सांगून, पलीकडच्या हद्दीत कोण आहे ते दाखवून, स्वतःच्या हद्दीतले काम चोख करणारा माणूस इथे विश्वासाचा मानला जातो. जो सगळेच अंगावर घेतो त्याच्याविषयी उलट शंका येते, कारण चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली हे कोणालाच शोधता येत नाही.

या एका गोष्टीतून बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. ‘हो, करतो’ हे शब्द इथे वचन म्हणून मोजले जातात. काम वेळेत होणार नसेल, तर ते तारखेच्या आदल्या दिवशी कळवणे म्हणजे फसवणूक, आणि दोन आठवडे आधी कळवणे म्हणजे नियोजन. उशिरापर्यंत बसून राहिल्याने कौतुक होत नाही : कामाचा दिवस आठ तासांचा, सरासरी सांभाळून फार तर दहा तासांपर्यंत, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये किमान ११ तासांची विश्रांती, असा कायदा आहे. तो मोडला गेला तर उत्तर द्यावे लागते मालकाला, म्हणून आपल्या वरिष्ठांना आपले रात्री बसणे अडचणीचेच वाटते.

परीक्षाधीन काळाची भीती बाळगू नका, पण तो हलकाही घेऊ नका. तो सहा महिन्यांपर्यंतचा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी संपवता येते. साधारण मध्यावर वरिष्ठांकडून भेटीची वेळ स्वतःहून मागा आणि कोणत्या गोष्टी बदलायला हव्यात हे स्पष्ट विचारा. कोणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका. टीका थेट होईल, गोड आवरणाशिवाय होईल, आणि ती कामावर असेल. पहिल्या वेळी मला ती स्वतःवरच झाल्यासारखी वाटली आणि घरी येऊन मी बराच वेळ गप्प बसले होते. त्याच संध्याकाळी त्याच वरिष्ठांनी मला दुसऱ्या दिवशीच्या ग्राहकभेटीचे निमंत्रण पाठवले होते, याचा अर्थ मला नंतर कळला.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगते की, जे काम करारात लिहिले आहे तेच काम मालक परदेशी नागरिकांच्या नोकरीसाठी भरून देतो त्या फॉर्ममध्येही तसेच लिहिले आहे ना, हे स्वतः ताडून पाहा. माझ्या बाबतीत मनुष्यबळ विभागाने एका जुन्या नमुन्यातून वेगळेच वर्णन उतरवले. त्यावरून फाइल परत आली, नवी भेटीची वेळ मिळेपर्यंत आठवडे गेले, आणि त्या काळात कार्यालयाकडून एकाही पत्राचे उत्तर आले नाही. दोन परिच्छेद जुळत नव्हते म्हणून घरातली सगळी माणसे टांगणीला लागली होती. तो संताप अजून पुरता विरलेला नाही.

आता मुलीविषयी. हा विषय नोकरीपासून वेगळा काढता येत नाही, कारण आपली नोकरी ज्या राज्यात आहे ते राज्यच मुलीची शाळा ठरवणार आहे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात प्राथमिक शाळा चार वर्षांची असते. चौथीच्या मे महिन्यात मिळणाऱ्या प्रमाणपत्रात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा; २.६६ पर्यंत असेल तर रिआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची अधिक व्यवहारोपयोगी शाळा. इथे १ हा सर्वोत्तम गुण असतो. तिसरीत येणाऱ्या मुलीला नव्या भाषेत ही सरासरी गाठायला जेमतेम दीड-दोन वर्षे मिळतात. आमचा मुलगा गणितात वर्गात पुढे होता; जर्मनने त्याची सरासरी खाली ओढली. जी मुले पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती आणि ज्यांची उणीव जर्मन भाषेपुरतीच, भरून निघण्यासारखी आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा ३.३३ पर्यंत शिथिल करता येते, ही तरतूद आम्हाला शाळेतल्या कोणीही सांगितली नाही. ती आम्हाला दुसऱ्या एका पालकांकडून कळली, पण तेव्हा प्रवेश होऊन गेले होते. मुलगा रिआलशुलेत आनंदात आहे, पुढे उच्च शिक्षणाचे मार्गही त्याला खुले आहेत, असे सगळे मला सांगतात आणि ते खरेही आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलाची जागा एका आकड्यावर ठरते आणि त्याच्या आईबापांना नियमाचे अर्धेच पान दाखवले जाते, हे मला सलते. आपण तिसरीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेची भेट घेऊन या तरतुदीचा उल्लेख लेखी करा. ही भेट बहुधा दुपारी असते. त्यासाठी कामावरून लवकर निघण्याची विनंती निःसंकोच करा, सहकारी आपल्याला त्यासाठी कमी लेखणार नाहीत.

एकटेपणाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. तो येतो, पहिल्या हिवाळ्यात अधिक येतो, आणि काम करता येण्याइतका आटोक्यात राहतो.

वार्षिक चर्चेची मात्र नीट तयारी करा. माझ्या पहिल्या चर्चेत विभागप्रमुखांनी टेबलावर एक कोरा कागद ठेवून मधोमध रेघ ओढली; एका बाजूला मी पुढील वर्षी करणार ती कामे आणि दुसऱ्या बाजूला मी सोडून देणार ती कामे लिहायला सांगितले. दुसरी बाजू मला भरताच येईना. काम सोडणे म्हणजे मान सोडणे, असे मला वाटत होते. त्यांनी स्वतः तिथे दोन ओळी लिहिल्या, आणि त्या सोडलेल्या कामांच्या जागी मला एका नव्या चाचणी-यंत्रणेचा पूर्ण अखत्यार मिळाला. अशा चर्चेला आपल्याला हवे असल्यास कर्मचारी मंडळाचा, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधी मंडळाचा, सदस्य सोबत नेता येतो. आणखी एक गोष्ट : नोकरी सोडताना मिळणाऱ्या सविस्तर प्रमाणपत्रात आपण केलेल्या कामांचे वर्णन आणि त्यांचे मूल्यमापन येते, आणि पुढची नोकरी पुष्कळदा त्याच्या आधारे मिळते. कामे बदलत गेली की त्यांचे लेखी वर्णनही बदलून घ्या, आणि वरिष्ठ बदलणार असतील तर अंतरिम प्रमाणपत्र मागून ठेवा. नाही तर पाच वर्षांनी आपल्या हातात रुजू झालेल्या दिवसाचेच वर्णन येईल.

हे सगळे शिकून मी इथे यशस्वी झाले असे लोक म्हणतात. मला माझी हद्द ठाऊक आहे, तिच्या आत माझा शब्द चालतो, संध्याकाळी मी घरी असते. पण पूर्वी दुसऱ्याच्या कामात न विचारता हात घालण्यात जो जिव्हाळा होता, आणि कोणाचेही अडले की सगळा विभाग त्याच्याभोवती जमत असे, ते मी इथे कोणाला देऊ शकत नाही आणि कोणाकडून मागूही शकत नाही. मी अधिक चांगली अभियंता झाले आहे, यात मला शंका नाही. अधिक मोकळी सहकारी झाले आहे का, हे मला सांगता येत नाही.

आपण पाठवलेल्या वर्णनात तीन कामे ठळक आहेत आणि शेवटी ‘तसेच विभागाच्या गरजेनुसार इतर कामे’ अशी ओळ आहे. हुद्द्यासाठी घासाघीस करू नका. त्याऐवजी कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा : पहिल्या तीन कामांपैकी कोणत्या कामात अंतिम निर्णय आपला असेल, आणि त्या शेवटच्या ओळीतल्या कामांना साधारण किती वेळ द्यावा लागेल. एका तरी कामात निर्णय आपला असेल तर सही करा. दोन्ही प्रश्नांना गोलमोल उत्तर आले, तर पगार कितीही असला तरी सही करण्यापूर्वी भावी विभागप्रमुखांशी प्रत्यक्ष बोलण्याची वेळ मागून घ्या.