दाबून फिरवायचं झाकण

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून येताना पॅरासिटामॉलची मोठी बाटली आणतो. माझ्या बोटांत संधिवात. झाकण नुसतं कटकट वाजत फिरतं, उघडत म्हणून नाही. गोळ्या साध्या डबीत काढून ठेवू का? घरात तीन वर्षांचा नातू आहे.
— एक आजी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आजी, कटकट वाजतंय म्हणजे झाकण धड आहे. ती एकात एक बसवलेली दोन झाकणं असतात. आतलं बाटलीच्या आट्यांवर बसतं, बाहेरचं त्याच्यावर सैल फिरतं. बंद करताना बाहेरच्याचे तिरके दाते आतल्याला ढकलत नेतात. उलट फिरवलं की तेच दाते घसरतात आणि आवाज येतो. वरून दाबल्यावरच दोन्ही झाकणं एकमेकांत अडकतात.

तेव्हा बोटांनी झटापट करू नका. बाटली ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. तळहात झाकणावर सपाट टेकवा, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्या आणि भार न सोडता घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बहुतेकांचा दाब फिरवता फिरवताच सुटतो, आणि मग पुन्हा कटकट.

बंद करताना मात्र पूर्ण आवळा. अर्धवट लावलेलं झाकण दाबल्याशिवायही निघतं. लावल्यावर न दाबता उलटं फिरवून बघा: बाहेरचं झाकण जागच्या जागी फिरलं पाहिजे. सिरपच्या बाटलीत वाळलेली साखर आट्यांत बसते, झाकण शेवटपर्यंत जात नाही आणि आपल्याला वाटतं लागलं. ओल्या कापडाने तोंड पुसलं की काम भागतं. बाहेरच्या झाकणाला चीर गेली असेल तर ती बाटली बाद.

साध्या डबीत काढू नका. तीन वर्षांच्या, चौदा किलोच्या मुलाला पाचशे मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या यकृताला धोका पोहोचवायला पुरेत, आणि पहिला दिवसभर मूल बरंच दिसतं.

पण झाकणावर सगळी भिस्त ठेवू नका. लहान मुलांना सहज उघडता येऊ नयेत अशा या झाकणांचा कायदा अमेरिकेत १९७० साली झाला. झाकण पास व्हायचं तर साडेतीन ते सवाचार वर्षांच्या मुलांपुढे बाटली ठेवतात. पाच मिनिटं खटपट करू देतात, मग उघडून दाखवतात, आणखी पाच मिनिटं देतात. दात लावायचीही मुभा असते. दाखवण्याआधी ८५ टक्के मुलांना आणि शेवटपर्यंत ८० टक्के मुलांना उघडता आलं नाही तर झाकण पास. म्हणजे पास झालेलं झाकणही दहा मिनिटांत पाचातलं एखादं मूल उघडू शकतं. मोठ्या माणसाला धावायला थोडा वेळ मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. तुमच्या पिढीचाही विचार झालाय: १९९५ मध्ये नियम बदलले तेव्हापासून ५० ते ७० वयाच्या माणसांकडूनही झाकण उघडून आणि परत लावून घेतात. ते ९० टक्क्यांना जमावं लागतं.

प्रश्न : सियागंजमधून ॲसिड आणि फिनाईल सुटं आणतो, स्वस्त पडतं. आपल्याकडे झाकणाचा कायदा आहे का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ॲसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंधनं घातली: दुकानदाराने नोंदवही ठेवायची, फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही. पण तो खटला ॲसिड हल्ल्यांचा होता. त्या बंधनांचा रोख विकत घेणाऱ्यावर आहे, झाकणावर नाही.

सुट्या मालात खरी मेख बाटलीची. कोल्डड्रिंकच्या बाटलीत भरलेलं फिनाईल मुलाला सरबतच वाटणार, आणि त्या बाटलीचं झाकण उघडायला ते कधीच शिकलेलं असतं. वर लेबल नाही, म्हणजे डॉक्टरलाही कळणार नाही की पोटात काय गेलं. चार पैसे जास्त गेले तरी कंपनीच्या बाटलीतलंच घ्या. काही टॉयलेट क्लीनरच्या झाकणाला दोन बाजूंनी खरबरीत पट्टे असतात. तिथे चिमटीत दाबलं की झाकण लंबगोल होतं, आतली खाच सुटते, मगच ते फिरतं. दुकानातच फिरवून बघा; न दाबता निघालं तर ते साधं झाकण.

मोरी तुंबल्यावर टाकायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाकिटाला तर झाकणच नसतं. कात्रीने कापून अर्धं वापरायचं आणि अर्धं रबर लावून खिडकीत ठेवायचं, हा आपला सर्वात वाईट रिवाज. एका वेळी संपेल एवढंच पाकीट आणा. आणि ओट्याखालच्या कपाटाला वरून कडी लावा. सफाई चालू असताना उघडी बाटली जमिनीवर ठेवून दार उघडायला जायचं नाही, झाकण लावूनच उठायचं.

प्रश्न : सुनेच्या लोहाच्या गोळ्या पट्टीत असतात. त्या तरी सुरक्षित ना?
— इंदूर

उत्तर : नाही. साधी पट्टी मूल दातांनी फाडतं, आणि रंगीत गोळी त्याला चॉकलेटसारखी दिसते. सरकारी लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या बाळाला दहा गोळ्या जिवावर बेततात. पट्टी कुलपातच ठेवा. देवघरातल्या कापराचीही तीच गोष्ट, त्याने मुलाला झटके येतात.

प्रश्न : पोटात गेलंच तर आधी काय करायचं?
— इंदूर

उत्तर : उलटी करवू नका. ॲसिड किंवा कॉस्टिक वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं, आणि रॉकेल फुफ्फुसात उतरतं. मिठाचं पाणी नको, लिंबूही नको. तोंडातलं बोटाने काढा, ओल्या कापडाने पुसा. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. मूल गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. बाटली किंवा पट्टी बरोबर घ्या. किती उरलंय, कधी घेतलं आणि मुलाचं वजन किती, हे तिन्ही प्रश्न लगेच विचारले जातात.