टोपलीतली हवा

(घरातून गिफ्ट हॅम्पर बनवून विकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतल्या चार प्रश्नांची उत्तरं देते.)

प्रश्न : ताई, वर्षभरापासून घरीच हॅम्पर बनवते. ऑर्डरी बऱ्या येतात, प्रत्येकावर ३० टक्के नफाही धरते, पण महिनाअखेर हाताला काही लागत नाही. हिशेबाचं पान सोबत पाठवलं आहे. कुठे चुकतंय?

पान पाहिलं. वस्तू, टोपली, रिबिन, कागद, सगळं नीट मांडलंय. तुम्ही मात्र त्यात कुठेच नाही!

मीही पहिली दोन वर्षं अशीच बिनपगारी राबले. एका हॅम्परला पंधरा-वीस मिनिटं लागतात असं मी बेधडक सांगायचे. मग एकदा घड्याळ लावून बसले, तर ५२ मिनिटं झाली. बरणीच्या बुडाचं किमतीचं लेबल खरवडण्यातच सहा मिनिटं गेली. त्याचा चिकटा निघेना, म्हणून तेलाचं बोट लावून पुसला. रिबिनीची गाठ तीनदा सोडली. मध्येच ग्राहकाचा फोन, कार्डावर ‘प्रिय’ नको, ‘लाडक्या’ हवं. म्हणजे कार्ड पुन्हा लिहिणं आलं. आणि या ५२ मिनिटांत खरेदीच्या फेऱ्या धरलेल्याच नाहीत. पुढच्या पाच हॅम्परना पहिल्या मेसेजपासून पार्सल हातावेगळं होईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा आणि तासाचा दर लावून तो खर्चात घाला.

दुसरं, ते ३० टक्के. १०० खर्चावर ३० चढवून तुम्ही १३०ला विकता. म्हणजे विक्रीतले तुम्हाला उरतात साधारण २३ टक्के. त्यात ग्राहकाने ‘दहा टक्के तरी कमी करा’ म्हटलं आणि तुम्ही केले, की हाती आले ११७. सूट दहा टक्क्यांची दिसते, पण ३० मधले १३ गेले, म्हणजे जवळजवळ निम्मा नफा. विक्रीवर खरोखर ३० टक्के हवे असतील तर १०० खर्चाला किंमत १४३च्या आसपास ठेवावी लागते, आणि त्या १००मध्ये तुमची मजुरी आधीच आलेली हवी.

शिवाय उरलेला माल. मेणबत्त्यांचा २४चा खोका आणला आणि हॅम्पर गेले २०, तर मी खोक्याची किंमत २०ने भागते. उरलेल्या चार पुढे वापरता येतील म्हणून कपाटात ठेवतो, त्या तिथेच राहतात. माझं एक कपाट निव्वळ अशा ‘पुढे वापरता येतील’ने भरलंय.

प्रश्न : हॅम्पर काट्यावर अडीच किलो भरला. खोकं ४० × ३० × ३० सेंटिमीटरचं. कुरिअरने साडेसात किलोचे पैसे लावले. ही लूट नाही का?

लूट नाही, तुम्ही हवा पाठवलीत. बऱ्याच कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याने अडवलेली जागा, यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,०००ने भागायचं. तुमचे ३६,००० भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो. वर अर्ध्या किलोचा टप्पा, झाले साडेसात. हा भाजक काही ठिकाणी वेगळा असतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

यात खरी खर्चिक असते ती टोपलीची कडी. फोटोत छान दिसते, पण वस्तूंच्या वर अर्धं खोकं रिकामं ठेवते. म्हणून कडीची टोपली मी फक्त हाताने पोचवायच्या ऑर्डरींना देते. बाहेरगावी ३५ × २५ × १४चं झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं जातं. त्यात वस्तू आडव्या, मध्ये पुठ्ठ्याचे कप्पे. गुणून बघा, २.४५ किलो येतं. जड बरण्या तळाशी आणि एकमेकींपासून लांब. खोकं बंद केलं की कानाशी धरून हलवायचं. आवाज आला तर उघडायचं. नवीन मापाचं खोकं आणलं, की जुन्या बरण्यांत वाळू भरून ते मी कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघते. शेजारच्यांना आता सवय झाली आहे.

प्रश्न : चॉकलेटला साबणाचा वास लागल्याची तक्रार आली. वर पांढरे डागही होते, म्हणून ग्राहक बुरशी म्हणतो. माल तर ताजा होता.

माझ्या एका ग्राहकाने सौजन्याने कळवलं होतं, ‘चहा अगदी स्वच्छ होता.’ चहाच्या पुडीशेजारी मी सुगंधी साबण ठेवला होता. चहा आणि चॉकलेट आजूबाजूचा वास चटकन ओढून घेतात, आणि श्रिंक रॅपमध्ये (म्हणजे उष्णतेने आक्रसून घट्ट बसणाऱ्या फिल्ममध्ये) तो वास बाहेर जायलाही वाट नसते. साबण, सुगंधी मेणबत्ती आणि खायचं एका टोपलीत नकोच. ग्राहकाचा आग्रहच असेल तर दोन वेगळी खोकी करा.

पांढरे डाग बहुतेक बुरशीचे नसणार. चॉकलेटमधला स्निग्धांश म्हणजे कोको बटर. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्याआधीच मऊ पडायला लागतं. ते पुन्हा थंड झालं की स्निग्धांश वर येऊन पांढरट थर धरतो. खाण्याला अपाय नसतो, पण हे ग्राहकाला कुठे समजावत बसणार? आणि उष्णता दर वेळी वाटेतच लागते असं नाही. फिल्म आवळायला आपणच गरम हवा सोडणारी हीट गन मारतो, ती थेट चॉकलेटवर. चॉकलेट आतल्या बाजूला ठेवा, हवा लांबून फिरती मारा, नाहीतर साधा चुरचुरीत पारदर्शक कागद घेऊन वर गाठ बांधा. तो कागद मात्र आक्रसत नाही, आक्रसणारी फिल्म वेगळी मागावी लागते. मी पहिल्या वर्षी त्या कागदावर पंधरा मिनिटं हेअर ड्रायर धरून बसले होते.

आणखी एक. हॅम्परची मुदत म्हणजे त्यातल्या सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूची मुदत. ती तारीख कार्डामागे लिहा, आणि शेंगदाणे, दूध, गहू असलं काही असेल तर तेही.

प्रश्न : नातेवाईक ‘आपलंच आहे’ म्हणत मूळ किमतीत मागतात. वाईटपणा न घेता नाही कसं म्हणावं?

थोडा घ्यावाच लागतो. दरपत्रक छापून घ्या आणि विचारलं की तेच पुढे करा. ज्याला द्यावंसं वाटेल त्याला आपण होऊन फुकट द्या, पण ‘मूळ किमतीत’ हा प्रकार ठेवू नका. माझ्या नणंदेने यावरून दोन महिने अबोला धरला. ती आता हॅम्पर दुसरीकडून घेते. परवा त्यांतला एक पाहिला. गाठ सैल होती.